फॉरमॅट मारण्याआधी

दिवाळीला गावी गेले तेव्हा अण्णांचा लॅपटॉप टेबलावर टॉवेलखाली झाकलेला होता. टॉवेलवर संस्थेचा शिक्का आणि स्टँपपॅड. "बघ गं, रोज काहीतरी सूचना येतीय, मी हात लावत नाही," म्हणाले. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्याचीच ती सूचना.

लॅपटॉप २०१६ चा. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे तो रस्ता बंद. धाकट्या काकांचं म्हणणं, नवा घेऊन टाका. मला ते पटेना. स्क्रीन चांगली, कळा एकूण एक चालू, फक्त हार्डडिस्क रखडत होती. तेव्हा २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क घ्यायची आणि तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम कोरी टाकायची ठरलं. त्यातलं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप, कारण जुन्या मशीनला ते झेपतं.

अण्णा बावीस वर्षं आमच्या पाणीपुरवठा संस्थेचे सचिव आहेत. कृष्णेचं पाणी जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या विहिरीतून उचलून उसापर्यंत न्यायचं, त्याची पाळीपत्रकं लावायची, सभेची इतिवृत्तं लिहायची, थकबाकीच्या याद्या करायच्या. 'फॉरमॅट' म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला कारण आहे. २०१४ साली संस्थेचा जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला होता. दुकानदाराने न विचारता फॉरमॅट मारला आणि दोन वर्षांची इतिवृत्तं गेली. बाकीची सीडीवर होती म्हणून वाचली. त्यामुळे यावेळी मी आधीच सांगितलं, "अण्णा, जुन्या डिस्कवरचं एक अक्षरही मी पुसणार नाही. ती काढून तुमच्या कपाटात ठेवायची." क्लीन इन्स्टॉल, म्हणजे सगळं कोऱ्यावर नव्याने बसवणं, करायचंच असेल आणि खिशाला परवडत असेल, तर हीच पद्धत मला सगळ्यात निर्धास्त वाटते. नव्या डिस्कवर नवं घर मांडायचं, जुनं घर कुलूप लावून तसंच ठेवायचं.

पुढचं काम सरळ होतं. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटची फाइल चढवली. मागचे स्क्रू काढून डिस्क बदलली, एफ-१२ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू केलं. आधी न बसवता तसंच चालवून पाहिलं. वायफाय लागलं, आवाज आला, प्रिंटरही सापडला. मग 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय निवडला. मशीनमध्ये एकच डिस्क होती, आणि तीही कोरी, म्हणून तिथे हात थरथरला नाही. दोन डिस्क जोडलेल्या असतील तर त्या पडद्यावर साइज आणि नाव तीन-तीनदा वाचा. पाऊण तासात लॅपटॉप तयार. पूर्वी सुरू व्हायला चहा होऊन जायचा, आता चष्मा पुसेपर्यंत पडदा येतो.

डॉक्युमेंट्सचा फोल्डर मी आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतला होता. तो आत टाकला आणि अण्णांना म्हटलं, उघडा. त्यांनी २००५ च्या पुरानंतरच्या सभेचं इतिवृत्त उघडलं. पानभर इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेले स्वर, मधेच चलनाच्या खुणा. एकही मराठी अक्षर नाही. अण्णा काही बोलले नाहीत. उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

फाइल शाबूत होती, गेला होता फाँट. त्या काळच्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. फाइलमध्ये इंग्रजी अक्षराचाच आकडा साठायचा, आणि त्या आकड्याला मराठी रूप द्यायचा तो फाँट. फाँट नसेल तर उघडं पडतं ते हे. युनिकोड या आजच्या, सगळ्या लिपींसाठीच्या पद्धतीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागांचा गट आहे, त्यामुळे आज लिहिलेलं कुठेही मराठीच दिसतं. पण अण्णांची २० वर्षं त्या आधीच्या पद्धतीत आहेत.

फाँट डॉक्युमेंट्समध्ये नसतो. तो सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फोल्डरात, फाँट्स नावाच्या फोल्डरात असतो, आणि बॅकअप घेताना तिकडे कोणी फिरकत नाही. मीही फिरकले नव्हते. कपाटातली डिस्क काढली, यूएसबीच्या केबलने जोडली. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून असलेल्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोज पूर्ण बंद झालेलं नव्हतं, म्हणून मिंटने ती फक्त वाचण्यापुरती उघडली. मला तेवढंच हवं होतं. चार फाँट फाइली निघाल्या. त्या मिंटच्या 'होम' फोल्डरमधल्या फाँटच्या फोल्डरात टाकल्या, लिबरऑफिस हे वर्डसारखं लिहायचं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं.

"मोटारी व स्टार्टर वर काढून सुरक्षित ठेवलेबद्दल सभा आभार मानते." पहिल्या ओळीपासून सगळं जागेवर. अण्णा चष्मा सावरत शेवटपर्यंत वाचत राहिले, सूचक-अनुमोदकांच्या नावांसकट.

त्या रात्री बसून सगळ्या जुन्या फाइलींच्या पीडीएफ केल्या. पीडीएफमध्ये फाँट आतच बांधला जातो, मग मशीन कुठलंही असो. युनिकोडमध्ये रूपांतर करूनही पाहिलं. बहुतेक मजकूर नीट येतो, पण पहिली वेलांटी आणि रफार इकडेतिकडे होतात, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी साठते आणि युनिकोडमध्ये नंतर. सभासदांच्या नावांत तशी चूक चालत नाही. ती यादी अण्णा स्वतः एकेक नाव तपासून करणार आहेत.

नवं लिखाण मात्र युनिकोडमध्येच करायचं असं त्यांनीच ठरवलं. कीबोर्डला मराठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी लावून दिली. बोटांना टाइपरायटरची सवय, अर्ध्या अक्षराला वेगळी कळ शोधत होती. इथे डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली हलन्त आहे, अक्षर अर्धं करायचं काम त्याचं. "आणि रफार?" त्यांनी विचारलं. आधी र, मग हलन्त, मग ज्याच्या डोक्यावर द्यायचा ते अक्षर. त्यांनी दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा सावकाश दाबलं, आणि पडद्यावर आलं: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की".