जुना वीस फुटी डबा: निवड, उतरवणं आणि पहिल्या पावसापर्यंतचं काम

बागेत सुतारकामाची अवजारं, प्लायचे तुकडे, पंप, कीटकनाशक फवारणीची यंत्रं असं सगळं ठेवायला आणि एका टोकाला छोटं वर्कबेंच टाकायला जुना शिपिंग कंटेनर घेतला, ते काम आता डबा बसवून पहिला जोराचा पाऊस खाऊन झाल्याच्या टप्प्यावर आलंय. रोह्याच्या बाजूला जागा आहे, म्हणजे न्हावा शेवा बंदर तसं जवळच, आणि कळंबोली, उरण, द्रोणागिरी पट्ट्यात जुन्या डब्यांची यार्डं रस्त्याला लागूनच दिसतात. त्यामुळं निवडायला भरपूर वाव होता आणि बरेच डबे आतून बाहेरून खालून बघून झाले. सगळ्यात जास्त वेळ निवडण्यातच गेला आणि तो जायलाच पाहिजे असं माझं ठाम मत झालंय, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे, की हा डबा चार कोपऱ्यांवर उभा राहायला आणि चार कोपऱ्यांनी उचलायला बनवलेला असतो. दारावर जी सीएससीची (कंटेनरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराची) प्लेट असते तिच्यावर स्टॅकिंगचा, म्हणजे वर रचलेल्या डब्यांच्या वजनाचा, आकडा बघा, जुन्या डब्यांवर बहुतेक १,९२,००० किलो दिसतो, म्हणजे जहाजावर एवढं वजन हे चार खांब डोक्यावर घेतात. आणि त्याच डब्याच्या छपराची टेस्ट किती किलोची, तर ६०० बाय ३०० मिलिमीटरच्या जागेवर ३०० किलो, दोन माणसं टूलकिट घेऊन उभी राहतील एवढीच. भिंत १.६ मिलिमीटरचा पन्हळी पत्रा, छत २ मिलिमीटर. मुख्य ताकद सांगाड्यात आहे, पत्रा बराचसा अंगरखा. पत्र्याला भोक असेल तर वेल्डर अर्ध्या तासात पॅच मारतो पण खालचा रेल, म्हणजे सांगाड्याची तळाची लांब तुळई, सडून गेला असेल तर डबा घेऊच नये.

आणि यार्डात नेमकं उलटं दाखवतात. डबा नवा रंगवून उभा असतो, निळा चकचकीत, आणि यार्डवाले दादा म्हणतात साहेब रंग बघा, शोरूममधून आल्यासारखा आहे. मी म्हटलं रंग राहू दे दादा, याच्याखाली झोपता येईल असा दोन लाकडी ठोकळ्यांवर घ्याल का. त्यांनी घेतला, त्याबद्दल त्यांचे आभार, बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत.

तर खाली काय बघायचं. दोन लांब बाजूंना खालचे साइड रेल, आणि त्यांच्यामध्ये आडवे सी सेक्शनचे क्रॉस मेंबर, ज्यांच्यावर फ्लोअरचा प्लाय बसतो. हे क्रॉस मेंबर जिथं रेलला वेल्ड केलेत तो जॉइंट म्हणजे गंजाचं माहेरघर, कारण तिथं चिखल आणि मिठाचं पाणी साठून राहतं. वीस फुटी डब्याला फोर्कलिफ्टचे खिसे असतात, त्यांच्या कडा फोर्कच्या धक्क्यानं फाटलेल्या आणि आतून सडलेल्या असतात, तिथं टॉर्च मारून बघा. माझी पद्धत साधी, छोटी हातोडी घेऊन रेलवर दर वितीला ठोकत जायचं. धड लोखंड टणटण वाजतं, आणि सडलेल्या जागी आवाज एकदम बसतो, थड असा, आणि रंगासकट पापुद्रा खाली येतो. एका डब्याला दाराकडून तिसऱ्या क्रॉस मेंबरजवळ असा आवाज बसला, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर टोक रेलच्या आत गेलं, वर नवाकोरा रंग होता आणि रंगाखाली बॉडी फिलरची पुट्टी भरलेली. वरून तो त्या रांगेतला सगळ्यात देखणा डबा होता.

हे डबे ज्याचे बनतात त्या कॉर्टेन स्टीलबद्दलही एक गैरसमज ऐकू येतो की हे लोखंड गंजत नाही. गंजतं. त्याच्यावर गंजाचा जो घट्ट थर बसतो तो पुढचा गंज हळू करतो, पण तो थर बसायला लोखंड भिजून पुन्हा सुकायला लागतं. जिथं पाणी मुरून राहतं, किंवा समुद्राचं मीठ सतत बसतं, तिथं तो थर राखत नाही. आपल्या कोकणात चार महिने काही सुकतच नाही, त्यामुळं कॉर्टेन आहे म्हणून रंगाची गरज नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

मग आत जायचं आणि दोन्ही दारं बाहेरून कोणालातरी लावायला सांगायची. मोबाईल खिशात ठेवायचा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत शांत उभं राहायचं. मग दिसायला लागतात, छताच्या कडेला सुईच्या टोकाएवढे ठिपके, दाराच्या रबराच्या खालच्या कोपऱ्यात उजेडाची रेघ. मी खडू घेऊन जातो आणि प्रत्येक ठिपक्याभोवती गोल करतो, म्हणजे भाव करताना आणि नंतर वेल्डरला दाखवताना उपयोगी पडतं. आत असतानाच वास घ्या. हे फार महत्त्वाचं आहे. माल फ्युमिगेट करताना, म्हणजे कीड मारायला विषारी वायू सोडताना, मिथाइल ब्रोमाइड किंवा फॉस्फिन वापरतात, हे वायू हवेत उडून जातात, पण प्लायमध्ये सांडलेली केमिकल वर्षानुवर्षं वास मारत राहतात. तेलकट काळे डाग, डोळ्याला झोंबणारा वास, असं काही असेल तर मी तो डबा सोडून देतो. फ्लोअरचा प्लाय २८ मिलिमीटरचा असतो, हार्डवुडचा, आणि त्याला कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं असतं. कुठलं औषध आणि कधी, ते त्याच प्लेटवर टिंबर कॉम्पोनंट ट्रीटमेंट म्हणून लिहिलेलं असतं. नुसतं सामान ठेवायचं असेल तर वरून इपॉक्सीचा कोट पुरतो, राहायला किंवा झोपायला खोली करणार असाल तर जुना प्लाय काढून नवा टाका, तिथं कंजूषी नको.

डबा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते टेपनं दोन मिनिटांत कळतं. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक दहा मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर सांगाडा पिळलाय, आणि ते दार पुढं आयुष्यभर खांदा लावून ढकलावं लागेल. तरी हे करताना डबा सपाट जागेवर आहे ना ते आधी बघा, कारण उंचसखल जमिनीवर चांगला डबाही पिळल्यासारखा दिसतो. लॉक रॉड वर-खाली सरकतात का, हँडल एका हातानं फिरतं का, बिजागऱ्यांच्या पिना जाम आहेत का, हे सगळं स्वतःच्या हातानं करून बघायचं, यार्डातल्या पोराला करायला लावायचं नाही कारण त्याला कुठं लाथ मारायची ते माहीत असतं.

नंबरवरून पण बरंच कळतं. चार अक्षरं, त्यातलं चौथं यू, मग सहा आकडे आणि चौकटीतला सातवा, तो चेक डिजिट. दारावरचा नंबर आणि प्लेटवरचा नंबर जुळला पाहिजे, नाहीतर दार दुसऱ्या डब्याचं बसवलेलं असू शकतं. खाली साइज कोड असतो, २२जी१ म्हणजे साधा वीस फुटी साडेआठ फूट उंच, ४५जी१ म्हणजे चाळीस फुटी हाय क्यूब, साडेनऊ फूट. प्लेटवर बनवल्याचा महिना आणि वर्षही असतं. मला वर्षापेक्षा तळाची अवस्था जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांना आत पीयूएफ (उष्णता अडवणारा फोम) आणि फॉल्स सीलिंग करायचंय त्यांनी हाय क्यूबच बघावा, कारण साध्या डब्यात आतली उंची २.३९ मीटर, त्यात वरखाली काम केलं की डोक्याला पंखा लागतो. वीस फुटीत हाय क्यूब जुन्या बाजारात क्वचितच मिळतो. मी साधाच घेतला, त्याचं एक कारण रस्ता, ते पुढं येतं.

कागदांबद्दल सगळ्यांनी नीट लक्ष द्या. परदेशी शिपिंग लाइनचे डबे आपल्याकडं ड्युटी न भरता येतात, सहा महिन्यांत परत बाहेर जातील अशा बाँडवर. म्हणजे इथं विकायचा डबा असेल तर त्याची कस्टम ड्युटी भरलेली पाहिजे. ड्युटी पेड आहे का, बिल ऑफ एन्ट्रीची (आयातीच्या कस्टमच्या कागदाची) कॉपी आहे का, जीएसटीचं बिल डब्याच्या नंबरासकट मिळेल का, हे तिन्ही प्रश्न अॅडव्हान्स द्यायच्या आधी विचारायचे. एका ठिकाणी डबा उत्तम होता, भावही बरा, पण बिलावर नंबर टाकायला तयार होईनात, मी तिथून निघालो.

भावाचा आकडा मुद्दाम लिहीत नाही, तो सारखा हलतो, २०२१ मध्ये जगभर डब्यांची टंचाई झाली तेव्हा तर जुन्या डब्यांना पण सोन्याचा भाव आला होता. पण खालची मर्यादा काढायची एक रीत आहे. दारावर टेअर, म्हणजे रिकाम्या डब्याचं, वजन लिहिलेलं असतं, वीस फुटीचं साधारण २,२०० ते २,३०० किलो. त्या दिवशीच्या भंगाराच्या दरानं गुणा, तो आकडा म्हणजे भंगारवाला देईल ती किंमत, त्याच्या खाली तुम्हाला कोणी देणार नाही. विकणारा त्याच्या किती वर मागतोय आणि तो वरचा पैसा कुठल्या गुणासाठी आहे, एवढंच बोलायचं. माझ्या डब्याच्या एका बाजूला मोठा पोचा होता आणि रंग पार उडालेला, त्या दोन गोष्टींवर भाव खाली आला, आणि तळ मात्र सगळ्या बघितलेल्या डब्यांत सगळ्यात निरोगी.

आणणं. आमच्या गल्लीत चाळीस फुटी ट्रेलर वळतच नाही, आणि वर विजेच्या वायरी आहेत. ट्रकचा हौदा आणि डबा मिळून चार मीटरच्या वर उंची जाते, त्यात हाय क्यूब म्हणजे आणखी एक फूट, म्हणून आधी बांबूला टेप बांधून सगळ्या वायरींची उंची मोजली होती. उतरवायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन. रिकामा डबा दोन-सव्वादोन टनाचा, त्यामुळं वजनाचा प्रश्न नाही, पण साखळी चारही वरच्या कोपऱ्यांच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे भोकं असलेल्या जाड लोखंडी ठोकळ्यांत, हुकनं अडकवायची, पोटाखालून पट्टा घालून उचलायचा नाही, रेल चेपतो. हायड्रावाल्याला हे आधीच सांगून चार पायांची साखळी आणायला लावली.

खाली चार कोपऱ्यांना काँक्रीटचे पेडेस्टल केलेत, जमिनीपासून फूटभर वर. आमच्याकडं सगळे म्हणत होते जांभ्याच्या चिऱ्याचं जोतं करून त्याच्यावर सपाट ठेव. मला ते पटलं नाही, कारण मग खाली हवा खेळत नाही, आणि जोतं मध्ये जरा उंच राहिलं तर डबा कोपऱ्यांऐवजी मधल्या क्रॉस मेंबरवर बसतो. आता मी खाली वाकून पूर्ण तळ बघू शकतो आणि दर उन्हाळ्यात ब्रश मारू शकतो. लेव्हल ट्यूबनं चारही पेडेस्टल एका पातळीत घेतले, मग दाराच्या बाजूला अर्ध्या इंचाचा उतार एमएस प्लेटच्या शिमनं, म्हणजे खाली सरकवलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, दिला. डबा टेकवल्यावर दारं एका हातानं उघडली तेव्हा जीव भांड्यात पडला.

रंगाआधी सगळा गंज वायर ब्रशनं काढला. जुन्या रंगात शिसं किंवा क्रोमेट असू शकतं, म्हणून ग्राइंडर फिरवताना नाकावर रुमाल नाही, नीट फिल्टरचा मास्क. खडूनं खुणा केलेल्या भोकांवर कॉर्टेनच्याच तुकड्याचे पॅच, आणि एवढ्या पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंगच करून घ्या, साध्या रॉडनं भोक मोठं होतं. वर झिंक रिच प्रायमर, मग इपॉक्सी, आणि छताला पांढरा.

जोराचा पाऊस झाल्यावर आत एक थेंब गळला नाही. पण पहाटे आत गेलो तर छताच्या आतल्या बाजूला घाम सुटलेला, काही ठिकाणी थेंब धरलेले, आणि आत ठेवलेल्या कानसांवर पिवळट गंजाची साय. रात्री पत्रा थंड होतो, आतली दमट हवा त्याला लागते आणि पाणी होतं. डब्याच्या भिंतीत वरती जे छोटे व्हेंट असतात ते नुसता हवेचा दाब सारखा ठेवायला, त्यांच्यानं हवा बदलत नाही. सध्या सगळी अवजारं तेल लावून बंद पेट्यांत घातलीत. पाऊस उघडला की छताच्या वर फूटभर अंतर ठेवून वेगळं पत्र्याचं छप्पर घेणार आहे, त्याचे खांब जमिनीतून, डब्याच्या छतावर काही टेकवायचं नाही. आतून छताला क्लोज्ड सेल पीयूएफचा स्प्रे. ग्लासवूल कोणी सुचवलं तर मी नाही म्हणेन, आपल्या हवेत ते पाणी पिऊन बसतं आणि मागं पत्रा सडतो ते दिसतही नाही.

खिडकी पोचा आलेल्या बाजूलाच पाडायची ठरवलीय, चार बाय तीन फुटांची, म्हणजे वाकलेला पत्राच कापून निघेल. पन्हळी भिंतही सांगाड्याला धरून ठेवते, त्यामुळं आधी आतून ५० बाय ५० च्या बॉक्स पाईपची चौकट चारी बाजूंनी पत्र्याला वेल्ड करायची, वरच्या आणि खालच्या रेलपर्यंत उभे पाईप न्यायचे, आणि मगच कटर लावायचा. पन्हळीच्या खाचा आणि चौकट यांच्यातल्या फटी पीयू सीलंटनं भरायच्या, सिलिकॉन नको, त्याच्यावर रंग धरत नाही. फॅब्रिकेटरला माप देऊन झालंय, दसऱ्यानंतरची तारीख मिळालीय.