सोलापुरात डोंगर कुठंय? : आमची वाटचाल

सोलापुरात मुलांसाठी साहसी शिबिरं घेतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "इथं डोंगर कुठंय?" प्रश्न रास्तच आहे. सह्याद्री आमच्यापासून अडीचशे किलोमीटर पश्चिमेला. एका दिवसाचा लोहगड करायचा तरी रात्रीच्या गाडीनं पुणं, तिथून लोकलनं मळवली, दिवसभर पायपीट आणि परत तेवढाच प्रवास. आमच्या भोवती माळ, ज्वारी, ऊस आणि ऊन. पण पायाखालचा दगड तोच आहे, सह्याद्रीत कडे होऊन उभा राहिलेला काळा बसाल्ट. तो इथं आडवा पडलाय एवढंच.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि कन्नड, बाजारात हिंदी. कॉलेजात एनसीसीमुळे डोंगर पाहिला आणि उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सला गेले. पुढं काही वर्षं लोणावळा, भोर, पाचगणी या पट्ट्यातल्या शिबिरांत इन्स्ट्रक्टर म्हणून राबले. मोसमी काम, रोजावर पैसे, तंबूत मुक्काम. काम मनापासून आवडायचं. मात्र समोर येणारी मुलं सगळी मुंबई-पुण्याची. सोलापूर-बार्शी-अक्कलकोटकडची मुलं कधी दिसायचीच नाहीत. नववी-दहावीत असताना मला हे मिळालं असतं तर, हा विचार डोक्यातून जाईना. शेवटी 2014 मध्ये एका जुन्या सहकाऱ्याला घेऊन गावी परत आले.

जागा शोधण्यात बराच काळ गेला. नळदुर्ग पन्नास किलोमीटरच्या आत आहे, आणि पुष्कळ शाळा आजही विचारतात की तिथं रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, का घेत नाही. नळदुर्ग संरक्षित स्मारक आहे. त्याच्या तटाला आम्ही रोप, म्हणजे चढाई-उतराईचा दोर, लावत नाही, कोणी कितीही आग्रह धरला तरी. तिथं मुलांना नेतो ते चालायला आणि पाहायला. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय, बांधावरून नर-मादी धबधबे कोसळतात. मुलांना तासभर तिथून हलवत नाही. पाणी कुठून येतं आणि बांध इतकी शतकं कसा टिकला, हे त्यांनी एकमेकांशी भांडून ठरवायचं.

रोपच्या कामासाठी शहराबाहेरची बंद पडलेली दगडखाण मालकाच्या लेखी परवानगीनं भाड्यानं घेतली. खाणीतला दगड डोंगराच्या कड्यासारखा विश्वासाचा नसतो. सुरुंगानं तो आतून हललेला असतो. हातोडीनं ठोकलं की चांगला दगड खणखणतो, हललेला ढप्प वाजतो. तो अख्खा हिवाळा आम्ही पहारी घेऊन सुटे दगड पाडले, झुडपांची मुळं काढली, काठापासून मागं दोरी बांधून आखणी केली की या पलीकडं हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) आणि हेल्मेटशिवाय कोणीही यायचं नाही, मुख्याध्यापकसुद्धा. उतरायचा रोप वेगळा, बिलेचा, म्हणजे पडू नये म्हणून वरून धरून ठेवायचा, वेगळा, आणि दोन्हींचे अँकर, म्हणजे रोप बांधायचे आधार, स्वतंत्र. पावसाळा संपला की पहिलं काम परत तेच, ठोकून ऐकायचं.

पहिल्या वर्षी एका शाळेकडून मोठी मागणी आली. दोन बस, शंभर मुलं, एका दिवसात सगळ्यांचं रॅपलिंग, शिवाय जेवण. पैशांची तेव्हा फारच निकड होती. मी हिशेब मांडला. हार्नेसच्या तपासणीपासून मूल खाली पोचून रोप मोकळा होईपर्यंत दहा-बारा मिनिटं लागतात. म्हणजे एका रोपवर तासाला पाच मुलं. दोन रोप लावले तरी शंभर मुलांना सलग दहा तास हवेत, आणि उन्हात दहा तास उभा राहिलेला इन्स्ट्रक्टर शेवटच्या मुलाचं बक्कल त्याच नजरेनं तपासू शकत नाही. आम्ही नकार दिला. ते काम दुसऱ्या कोणीतरी घेतलं. पण तोच हिशेब आता प्रत्येक शाळेच्या पहिल्या बैठकीत फळ्यावर मांडते, आणि तो पटलेल्या शाळा आमच्याकडं टिकल्यात.

ऊन हा आमच्या धंद्यातला खरा डोंगर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतोच, कधी चव्वेचाळीस ओलांडतो. उन्हाळी शिबिर पहाटे सहाला सुरू होतं आणि साडेनऊला रोप गुंडाळलेले असतात. त्यानंतर काळा दगड भट्टी होतो, कॅराबिनर, म्हणजे रोप अडकवायची धातूची कडी, हातात धरवत नाही. मुलांनी पाणी पिणं ही सांगून सुटणारी गोष्ट नाही, कारण तेरा ते सोळा वयाच्या मुली मुद्दाम पाणी पीत नाहीत. कारण विचारलं तर गप्प बसतात. कारण साधं आहे, जायला जागा नसते. म्हणून टेम्पोतून पहिली उतरते ती शौचालयाची राहुटी, पाण्याची बादली आणि सॅनिटरी पॅडचा डबा. रोप त्यानंतर. ही व्यवस्था झाली तेव्हा मुलींच्या बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणणारं मूल सावलीत बसवून ओआरएस देतो. पण मूल असंबद्ध बोलायला लागलं तर तो उष्माघात समजायचा. आधी अंगावर पाणी ओतून वारा घालत राहायचं आणि लगेच दवाखाना. हा क्रम आमचा चहावालासुद्धा पाठ म्हणून दाखवतो. माळावर फुरसं आणि विंचू असतात, त्यामुळे सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे हे प्रत्येक शिबिराच्या आदल्या दिवशी फोन करून विचारतो.

सोलापूरच्या पोरांचं एक वेगळेपण मला परत येईपर्यंत माहीत नव्हतं. गिर्यारोहणाच्या रोपमध्ये आत सलग धाग्यांचा गाभा असतो आणि त्याच्यावर विणलेलं कवच. भार पेलतो तो मुख्यतः गाभा, आणि तो बाहेरून दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक वापरानंतर अख्खा रोप हातातून सरकवून तपासायचा असतो. एका शिबिरात हे काम मी नववीच्या मुलींना दिलं. त्यातली एक, जिच्या घरी चार माग, डोळे मिटून रोप ओढत होती. मध्येच थांबली. "ताई, इथं आत मऊ लागतंय." कवचावर साधा ओरखडाही नव्हता. मी तिथं रोप वाकवून पाहिला. एरवी गोल वळण येतं, तिथं तो चिमटल्यासारखा मोडला. गाभा दुखावला होता. तो रोप त्याच जागी तिच्याच हातानं कापला. नंतर मी तिला विचारलं की कसं कळलं, तर म्हणाली, "धागा तुटायच्या आधी हाताला कळतोच की." तुटलेले धागे जोडायची विणकरी गाठ या मुलांना लहानपणापासून येते. तीच गाठ थोड्या जाड दोरीवर शीट बेंड म्हणून आम्ही शिकवतो. पहिल्या दिवशी ही मुलंच इतरांना शिकवतात, मी बाजूला उभी राहते.

त्यातून आमची पद्धत ठरत गेली. कड्यावरून उतरणं हा आमच्याकडं शिबिराचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे दुसऱ्याचा रोप धरणं. खाली उभ्या असलेल्यानं उतरायचा रोप ताणून धरला की वरच्याच्या डिसेंडरला, म्हणजे ज्यातून रोप सरकत तो उतरतो त्या साधनाला, ब्रेक लागतो, तो जागच्या जागी थांबतो. हे काम मुलं करतात. त्यांच्या शेजारी इन्स्ट्रक्टर असतो, वरचा बिले वेगळा असतोच. पण मान वर करून मित्राच्या पायाकडं बघत उभं राहणारं पोर त्या दहा मिनिटांत हूं की चूं करत नाही. वर्गात ज्याची रोज तक्रार, तोसुद्धा.

दहावीतला एक आडदांड मुलगा काठावर आला आणि बसला. खालून पोरं ओरडायला लागली, "उतर की बे!" मी सगळ्यांना गप्प केलं आणि त्याच्या शेजारी बसले. तो हळूच म्हणाला, "अक्का, आज नको." मी म्हटलं, बरं. हार्नेस काढला नाही, खाली रोप धरायला पाठवलं. दिवसभर त्यानं रोप धरला, एकदाही नजर हलली नाही. तो त्या शिबिरात उतरलाच नाही. प्रमाणपत्र इतरांसारखंच मिळालं, आणि तसं देण्यावरून एका पालकाशी माझा वादही झाला. काठावरच्या मुलाला ढकलून, हसून किंवा लाजवून खाली पाठवणारा इन्स्ट्रक्टर माझ्याकडं दुसऱ्या दिवशी कामावर नसतो. या वयात पोरगं भीती उघड बोललं हीच मोठी गोष्ट आहे.

मार्च 2020 ला सगळं बंद पडलं. शाळाच नाहीत तर शिबिरं कुठली. दोन इन्स्ट्रक्टर गणवेश शिवायच्या कारखान्यात लागले, एक जण गावी शेतीवर गेला. साहित्य कपाटात पडून होतं, पण नायलॉनचं वय वापर नसला तरी वाढत असतं. हार्नेस आणि रोप बनल्याच्या तारखेपासून मोजतात. पुन्हा सुरू करताना आधी जुने रोप मोडीत काढावे लागले. काढलेला रोप आम्ही कधी विकत नाही, देतही नाही. तुकडे करून गाठींच्या सरावाला ठेवतो, म्हणजे कोणाच्या जिवाखाली तो पुन्हा यायला नको.

2021 मध्ये राज्य शासनाचं साहसी पर्यटन धोरण आलं आणि पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी सुरू झाली. कागदपत्रांचा त्रास झाला, तरी मला ते हवंच होतं. बॅनर छापला की झाला इन्स्ट्रक्टर, असं चालत होतं त्या धंद्यात प्रशिक्षण, प्रथमोपचार, विमा आणि साहित्याची नोंदवही यांची विचारणा तरी व्हायला लागली. त्याच सुमारास आम्ही इन्स्ट्रक्टरना रोजावरून बारमाही पगारावर घेतलं. जून ते सप्टेंबर शिबिरं कमी असतात, तेव्हा पगार काढताना दमछाक होते. पण मोसमापुरता आलेला माणूस पोरांची नावंही शिकत नाही. आज निम्म्या इन्स्ट्रक्टर मुली आहेत, आणि दोघी आमच्याच जुन्या शिबिरार्थी. मुलगी मुक्कामाला पाठवायची की नाही हे पूर्व भागातल्या आया मला विचारत नाहीत, या दोघींना विचारतात.

येत्या हिवाळ्यात पहिला मुक्काम नान्नजच्या बाजूला आहे, माळढोक अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका शेतात. पहाटे काळविटांचे कळप बघायला जायचं आणि जाताना तासभर बोलायचं नाही. डिसेंबरपासून दर शनिवारी खाणीवर पालकांनाही येता येईल. उतरून बघायचं असेल तर जरूर उतरा, हार्नेस आम्ही देऊ. तपासणी मात्र तुमची मुलं करतील, आणि त्यांनी "थांबा" म्हटलं तर थांबावं लागेल.