स्विफ्टचे स्टड: लांबी जमली, नर्लिंगने अडवलं

माझ्या स्विफ्टच्या पुढच्या दोन्ही हबांत (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) नवे स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर आवळतात ते बोल्ट, बसले एकदाचे!

ऑटोक्रॉसमध्ये (शंकू मांडलेल्या मैदानावर वेळेविरुद्ध गाडी पळवण्याची स्पर्धा) एका वळणावर तुटलेल्या ज्या स्टडबद्दल मागच्या वेळी लिहिलं होतं, तो नंतर भिंगाखाली धरला. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळपट, गुळगुळीत आणि त्यावर चंद्रकोरीसारख्या बारीक रेषा. उरलेला निम्मा खरबरीत आणि चकचकीत. म्हणजे तडा कधीचा वाढत होता, ऑटोक्रॉसच्या त्या वळणावर फक्त उरलेला भाग गेला. जास्त आवळल्यामुळे तुटला असं बरेच जण म्हणाले. मला ते पटत नाही. अलॉय चाकांच्या हबवर टेकणाऱ्या जागेवर पावडर कोटिंगचा थर होता. तो दबला की नटची पकड ढिली होते, चाक हबवर सरकायला लागतं आणि सगळा मार स्टडवर येतो. चारही अलॉयचा तो थर आता खरवडून काढलाय.

हब आणि चाकामधल्या ५ मि.मी.च्या स्पेसरमुळे (चकतीमुळे) स्टड लांब हवेच होते. एम १२ चा (१२ मि.मी. व्यासाचा), १.२५ पिचचा (दोन आट्यांतलं अंतर १.२५ मि.मी.) स्टड, म्हणजे नटात किमान १२ मि.मी. आटे हवेत, साधारण साडेनऊ फेरे. ताकदीचा ग्रेड १०.९ च. लांबीचा हिशोब सोपा आहे, सगळे तोच विचारतात. खरी गोम नर्लिंगच्या, म्हणजे डोक्याखालच्या दातेरी भागाच्या, व्यासात आहे.

ऑनलाइन मागवलेला सेट ‘स्विफ्टला बसतो’ म्हणून आला. आटे बरोबर, लांबी बरोबर. पण नर्लिंग हबच्या भोकापेक्षा ०.१ मि.मी. बारीक! स्टड हाताने आत गेला. स्टडवरचा ताण डोकं घेतं हे खरं, पण स्टडला फिरण्यापासून अडवतं ते नर्लिंग. ते सैल असेल तर नट काढताना स्टडही गरगर फिरतो, आणि चाक उतरवायला शेवटी ग्राइंडर लागतो. पैसे परत द्यायला विक्रेता तयार नाही. यापुढे नर्लिंगचं माप लेखी दिल्याशिवाय मी कुणाकडूनही स्टड घेणार नाही.

मागून वेल्डिंगचा टाका मारून घे, हा सल्ला हमखास मिळतो. कृपया मारू नका. उष्णतेने डोक्याजवळचं हीट ट्रीटमेंट बिघडतं आणि तिथे ताण बराच असतो. लेथवर ईएन ८ या पोलादाचे स्टड करून घ्यायचा विचार माझ्याही मनात आला होता, तोही सोडला. कापलेल्या आट्यांपेक्षा रोल केलेले आटे फटीगला (पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणाला) जास्त टिकतात.

शेवटी सांगलीतल्या एका जुन्या पार्टवाल्या काकांनी वाचवलं. “व्हर्नियर आणलायस ना? मग बस आणि शोध,” म्हणत त्यांनी सुट्या स्टडचे डबेच समोर ओतले. एका पिकअपचा स्टड सापडला: तेच आटे, १० मि.मी. जास्त लांब, डोक्यावर १०.९ चा शिक्का आणि नर्लिंग भोकापेक्षा ०.१५ मि.मी. जाड. असा दुकानदार दहा वेबसाइटांना भारी!

नट आवळून स्टड ओढून घ्यायची पद्धत मी टाळली, त्यात आटे ताणले जातात. नाहीतरी हबला धरणारं नकल अडवत असल्याने लांब स्टड मागून घालता येत नव्हते. हब काढून कुपवाड एमआयडीसीतल्या हायड्रॉलिक प्रेसवर नेले. हबची फ्लँज (स्टड बसतात ती चकती) वाकू नये म्हणून भोकाखाली पाइपचा तुकडा दिला. नर्लिंग धातूत दात रोवत जाताना बारीक करकर येते आणि डोकं टेकलं की प्रेसचा काटा एकदम चढतो. फार समाधान वाटलं. हब उपटताना बेअरिंग गेलीच होती, ती नवी घातली. डायल गेजवर दोन्ही फ्लँज सरळ.

कोरड्या आट्यांवर ८५ न्यूटन मीटर, समोरासमोरच्या जोड्यांनी. एवढ्यात एकेका स्टडवर साधारण साडेतीन टन ताण येतो. तेल लावलं तर त्याच टॉर्कला ताण बराच वाढतो, म्हणून तेल नाही. नटांवर पेंटची खूण करून मिरज रस्त्याला गाडी दामटली. एकही खूण हललेली नाही.

मागच्या चाकांचं काम लगेच काढणार होतो, पण हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली: या स्टडचं डोकं स्टॉकपेक्षा जाड आहे आणि मागे ड्रम आहेत. डोकं आत ब्रेक शूच्या सामानाला घासलं तर? आधी ड्रम उघडून जागा मोजतो. कमी पडली तर मागचे स्पेसर काढून स्टॉक लांबीचेच नवे स्टड घालेन. कुणी मागे लांब स्टड घातले असतील तर डोक्याची जाडी नक्की कळवा.