झाले की झालं?

परवा माझं तिसरं गाणं आलं. लिंक घरच्या ग्रुपवर टाकली आणि दहा मिनिटांत बाबांचा फोन. "शब्द कुणाचे गं?" म्हटलं माझे. "आणि चाल?" माझीच. जरा वेळ शांतता, मग "बरं, गिटार तरी कुणी दुसऱ्यानं वाजवलंय ना?" नाही ओ बाबा, तेही मीच.

आता त्यांचा तरी काय दोष, ते आकाशवाणी ऐकत मोठे झालेले, तिथे गाण्याआधी नावं सांगायचे, गीतकार अमुक, संगीतकार तमुक, गायिका अजून कोणी, आणि ही वेगवेगळी माणसं असतात असंच डोक्यात बसलेलं. गीतरामायणच घ्या, १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, आठवड्याला एक नवं गाणं, सगळी मिळून ५६, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या आणि गायला अजून कितीतरी जण. मी एकटीनं आत्तापर्यंत तीन केली आणि त्यातच माझा जीव गेला.

बरेच जण विचारतात की तू गाण्यात आलीस कशी. मी गाण्यात आले ते आईमुळे, कारण कराडला आमच्या गल्लीत एक बाई पेटीवर गाणं शिकवायच्या आणि संध्याकाळी पाच ते सहा मी घरात नसले की आईला बरं वाटायचं, एवढंच कारण. मग गांधर्वच्या शास्त्रीय गाण्याच्या परीक्षा, प्रारंभिक, प्रवेशिका असं करत मध्यमा पूर्णपर्यंत पोचले, झपतालाची दुगुन, म्हणजे दुप्पट लय, हातावर दाखवताना घामाघूम झालेली मी अजून आठवते, आणि मग बारावी आडवी आली. विशारद राहिलं ते राहिलंच.

इंजिनिअरिंगला पुण्यात आले तेव्हा हॉस्टेलवर पेटी ठेवायला जागा नव्हती म्हणून एका सीनियरकडून साडेतीन हजारात जुनी गिटार घेतली. गंमत म्हणजे माझी पट्टी काळी चार, म्हणजे माझा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर, आणि गिटारवर ती सरळ वाजवायला गेलं की बोटांची वाट लागते. कुणीतरी दहा रुपयांच्या कॉफीवर सांगितलं की अगं पहिल्या फ्रेटवर कॅपो लाव (तारा दाबून धरणारा चिमटा, त्यानं सगळे सूर वर सरकतात) आणि G चे सोपे कॉर्ड्स वाजव, झाली तुझी काळी चार. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमेल. बाईंना फोन करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कॅपो म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण सा सोडू नकोस."

सुरुवातीला हिंदीतच लिहायचे. ओपन माइकला, म्हणजे कुणीही उठून गावं अशा कार्यक्रमांत, सगळे हिंदीच गायचे, आणि हिंदीत कसं, दिल, रात, बारिश टाकलं की काहीतरी होतंच. मराठीत लिहायला बसले आणि अडकले, आणि कशावर अडकले तर "झालं"वर. म्हणजे बघा, आपण बोलताना झालं, गेलं, राहिलं म्हणतो. पण भावगीतात झाले, गेले, राहिले असतं, कारण तो शेवटचा "ए" छान लांबवता येतो, चार मात्रा धरून ठेवा, वर मींड घ्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जा, तो उघडा राहतो. "झालं"मधला "अं" लांबवून बघा एकदा! बैल हंबरल्यासारखं होतं. मग मी पण सोयीचं म्हणून "संपले सारे" वगैरे लिहायला लागले, आणि ते गायला इतकं गोड की दोन महिने कळलंच नाही की ही मी नाहीच बोलत, मी आयुष्यात कुणाला "संपले सारे" म्हणलेलं नाही. ब्रेकअप झाल्यावर मी मैत्रिणीला म्हणाले होते "संपलं यार".

उपाय सापडायला सात-आठ महिने गेले आणि सापडला तो बसमध्ये. पुढच्या सीटवरच्या बाई फोनवर भांडत होत्या, "राऽऽहिलं ना मग तुझं!" त्यांनी "रा" ताणला होता आणि "हिलं" पटकन टाकून दिलं. अरे, एवढंच तर! आपण बोलताना आधीच्या अक्षरावर रेंगाळतो, शेवटचं सोडून देतो. घरी येऊन सगळ्या ओळींचे लांब स्वर एक-एक घर मागे सरकवले. चाल निम्मी बदलली पण माझं तोंड माझ्या गाण्यात बसलं. माझ्यासाठी खरी सुरुवात तीच, गिटार वगैरे बाकीचं सगळं दुय्यम.

आणि स्वतः लिहून स्वतः गाणं हे काही आमच्या पिढीनं बाहेरून आणलेलं खूळ नाही, बाबांना मी लोककवी वामनदादा कर्डकांचं नाव सांगितलं. सिन्नर तालुक्यातले, मुंबईत गिरणीत काम केलेला माणूस, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकला आणि मग हजारो गाणी रचली, गावोगाव स्वतः गायली. आत्ताचं बघायचं तर जळगावकडचा संजू राठोड, त्याची "गुलाबी साडी" २०२४ मध्ये लग्नात-हळदीत सगळीकडे वाजली, ती त्यानंच लिहिलेली आणि गायलेली. मला तसं गाणं येत नाही, येणारही नाही बहुतेक, पण शब्द कसे बोलल्यासारखे पडतात ते मी दहादा ऐकलंय.

रेकॉर्डिंगचं फार सांगण्यासारखं नाही. एका स्टुडिओनं ॲडव्हान्स घेऊन तीन महिने फिरवलं, म्हणून माइक आणि तो कॉम्प्युटरला जोडायचा इंटरफेस घेतला आणि आजीच्या दोन गोधड्या कपाटाच्या दारांवर टाकून आत उभी राहून गायले. मे महिना होता. शेजारच्यांचा मिक्सर चालू झाला की थांबायचं, घाम पुसायचा, परत. दुसऱ्या गाण्यात तिसाव्या सेकंदाच्या आसपास बारीक शिट्टी ऐकू येते ती आमच्या कुकरची, काढली नाही.

पैशाचं विचाराल तर स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम धरतात, आणि २०२४ पासून वर्षात १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे काहीच देत नाहीत. माझं पहिलं गाणं ६४० वर आहे. त्यातले शंभर तरी आईचे असावेत, भाजी निवडताना लावते.

बाबांचा काल परत फोन आला. म्हणाले, गाणं बरं आहे, पण ते "राहिलं" तू मध्येच का गं सोडून देतेस, जरा लांबव की.