काळी बाटली

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला विषय निवडताना मी जरा हवेतच होते. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेतल्या मंडळींनी यीस्टकडून कॅडमियम सल्फाइडचे नॅनोकण करून घेतले, त्यांचा डायोडही बनवला, हा 2002 सालचा शोधनिबंध वाचनात आला होता. मला मात्र बाटलीतलं विकतचं रसायन नको होतं, थेट दगडापासून सुरुवात करायची होती. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "कॅडमियम विषारी, त्यापेक्षा जस्त घे."

म्हणून स्फॅलेराइट, म्हणजे झिंक सल्फाइडचा दगड. त्याची पूड आणि असिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे जिवाणू. पीएच 2, तापमान 30 अंश. यांच्या खाद्याला नाईन-के म्हणतात, कारण त्यात लिटरमागे 9 ग्रॅम लोह असतं. शेकरवर फिरता फिरता फिकट हिरवं पाणी कोऱ्या चहासारखं होतं. जिवाणू फेरस लोहाचं फेरिक करतात आणि ते फेरिक दगडातलं जस्त सोडवतं.

रंग आला म्हणजे झालं, असं मी धरून चालले. पाणी गाळलं, पीएच साडेतीनवर नेला, गंजासारखा गाळ खाली बसला. वरचं नितळ पाणी थोडं थोडं डिसल्फोव्हिब्रिओ या हायड्रोजन सल्फाइड बनवणाऱ्या जिवाणूंच्या बाटलीत सोडलं. दोन दिवसांत बाटली काजळासारखी काळी! मी खूश, कारण हे जिवाणू वाढले की काळं होतंच. मॅडमनी बाटली उजेडात धरली. "अगं, हे आयर्न सल्फाइड आहे. तुझं झिंक सल्फाइड पांढरं हवं."

साडेतीनला फक्त फेरिक बसतं, फेरस तसंच विरघळलेलं राहतं. उरलेल्या पाण्यात फेनँथ्रोलीनचा, म्हणजे फेरस ओळखणाऱ्या रसायनाचा, थेंब टाकला, लगेच नारंगी. पंधरा दिवस पाण्यात.

दुसऱ्या खेपेला नारंगी येईनासं होईपर्यंत थांबले. शिवाय जिवाणू आणि धातू वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवले. नायट्रोजनच्या झोताबरोबर जिवाणूंचा हायड्रोजन सल्फाइड नळीने जस्ताच्या आम्लधर्मी पाण्यात नेला. तिथे जस्त खाली बसतं, चुकून उरलेलं फेरस बसत नाही. फ्यूम हूडमध्ये काम करूनही ओढणीला सडक्या अंड्यांचा वास. रूममेटने ती गॅलरीतच वाळत घालायला लावली. पण नळीच्या टोकाशी पाणी ताकासारखं पांढरं होताना पाहिलं आणि मी खुर्चीवर बसूनच राहिले.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं, "दगडातही झिंक सल्फाइड, कुपीतही तेच. मग केलंस काय?" मी आलेख पुढे केला: मोठ्या कणांचं झिंक सल्फाइड ज्या तरंगलांबीपासून खालचा प्रकाश शोषतं ती कड साधारण 340 नॅनोमीटरला, आमची त्याहून बरीच कमी तरंगलांबीला. कण बारीक झाले की कड अशी सरकते. सरांनी मान डोलावली, कुपी हलवली आणि तळाकडे बोट दाखवलं. "गुठळ्या होतायत."

होत होत्याच.