मॅरेथॉनची तयारी, आठवडा ११: २८ किमी ठरवले होते, २३ वर बसलो

रविवारचा लाँग रन फसला, आधीच सांगतो. राजाराम पुलापासून सिंहगड रोडने खडकवासला धरण, तिथून परत आणि उरलेले दोन-तीन किमी घराभोवती, असा प्लॅन होता. साडेचारला निघायचं ते सव्वासहाला निघालो, तिथेच गणित चुकलं. जाताना मस्त ६:४० चा पेस (किमीला ६ मिनिटं ४० सेकंद), धरणावर गार वारा, वाटलं आज जमतंय. परतताना किरकटवाडी फाट्यानंतर ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, त्यात सिंहगडाला निघालेल्या गाड्यांचा धूर, इलेक्ट्रॉलची बाटली धायरी फाट्याला संपली आणि आनंदनगरला मांड्यांत असे गोळे आले की सरळ फुटपाथवर बसलो. एका रिक्षावाल्या काकांनी पाणी दिलं वर विचारलं, "कशाला एवढं पळता?"

म्हणलं मामासाठी. त्यांना पुढचं काही विचारावंसं वाटलं नसावं.

नवीन लोकांसाठी: मामाला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कॅन्सर होता. सुरुवात शब्दांपासून झाली, पंख्याला दिवा म्हणायचा, आम्ही हसायचो (त्याचं अजून वाईट वाटतं). ऑपरेशन, रेडिएशन, टेमोझोलोमाइडच्या (केमोच्या) गोळ्या सगळं झालं, चौदा महिने मिळाले. नंतर वाचलं की रेडिएशनबरोबर या गोळ्या द्यायची पद्धत २००५ पासूनची आणि आजही पहिली ट्रीटमेंट बहुतेकांना तीच मिळते. गाठ मेंदूत मुळांसारखी पसरते त्यामुळे सर्जनला पूर्ण काढता येत नाही, आणि रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं यावर शरीराचाच कडक पहारा असल्याने बरीच औषधं आत पोचतच नाहीत. म्हणून ही मॅरेथॉन पळून संशोधनासाठी पैसे गोळा करतोय. माझ्या हातात काही देऊ नका, थेट टाटा मेमोरियलला द्या आणि पावतीचा फोटो मला पाठवा, मी वहीत मांडतो.

किलोमीटर विकायची आयडिया बायकोची. एक किमी ५०० रुपये, तुमच्या किमीला तुमचं नाव हातावर पेनने लिहून पळणार. पळण्यापेक्षा पैसे मागणं अवघड आहे राव, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाईप करून तीनदा खोडला. पण टाकल्यावर पहिले दहा किमी एका दिवसात गेले, ४२ वा तर दोघांना हवा होता. ४२ नंतरचे १९५ मीटर मामीने घेतले, ५०० च्या जागी २१०० देऊन, "तेवढे तरी नीट पळ" म्हणाली.

या आठवड्यात मंगळवारी वेताळ टेकडी, गुरुवारी सोपे ८, रविवारी परत २८ आणि यावेळी खरंच साडेचारला. खिशात खजूर आणि मीठ. गोळे टाळायला तुम्ही काय करता तेही सांगा, केळी सोडून, केळी खाऊन बघितलीत.

३१ ते ३६ अजून कोणी घेतलेले नाहीत. नेमकं तिथेच पाय संपतात हे सगळ्यांना माहितीय वाटतं.