वापरलेल्या कूलंटमधून तेल वेगळं करताना: मेम्ब्रेनचा माझा अनुभव

मशिनिंगचं जुनं कूलंट (धातू कापताना वापरतात ते तेल-पाण्याचं मिश्रण) टाकीत कितीही दिवस ठेवलं तरी पांढुरकंच राहतं. त्यातले तेलाचे थेंब 20 मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि इमल्सिफायर (तेल पाण्यात पसरवून ठेवणारं रसायन) त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. अशा पाण्यासाठी मी 0.05 मायक्रॉन छिद्रांची सिरॅमिक मेम्ब्रेन ट्यूब वापरतो: कूलंट ट्यूबमधून फिरत राहतं, पाणी भिंतीतल्या छिद्रांतून बाहेर पडतं, तेल आत राहतं.

वर तरंगणारं तेल मात्र मेम्ब्रेनपर्यंत जाऊच द्यायचं नाही, ते पृष्ठभागावर लेपासारखं बसतं. 24 तास निवळू द्यायचं, स्किमरने वरचं तेल काढायचं, मग धातूच्या कणांसाठी 100 मायक्रॉनची बॅग. फेस आला तरी सिलिकॉनचं डिफोमर नको, ते छिद्रांत बसलं की निघता निघत नाही. परतीचा पाइप द्रवात बुडालेला ठेवला की फेस मुळात कमीच होतो.

सुरुवातीला परमिएटचा (मेम्ब्रेनमधून गाळून आलेल्या पाण्याचा) व्हॉल्व्ह बंद असतो. ट्यूबमधला वेग सेकंदाला 3 ते 4 मीटरवर आला की तो हळूहळू उघडतो. दाब दीड-दोन बार, तापमान 45 ते 50 अंश. फ्लक्स (मेम्ब्रेनमधून पाणी गाळून येण्याचा दर) उतरला की हात आपोआप दाब वाढवायला जातो, तो आवरावा. जादा दाबाने तेलाचा थर आणखी घट्ट होतो, आणि फार वाढवला तर थेंब चेपटून छिद्रातून पलीकडे जातात. थर खरवडला जातो तो ट्यूबमधल्या प्रवाहाच्या वेगामुळे, दाबामुळे नाही. परमिएट काचेच्या बाटलीत उजेडासमोर धरावं. किंचित गढूळ दिसलं तरी दाब बघा, सील बघा. स्वच्छ दिसलं म्हणजे सोडण्याजोगं झालं असं मात्र नाही: विरघळलेले ग्लायकॉल, अमाइन आरपार जातात, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय प्रदूषणाचं माप) चढाच राहतो. पुढची प्रक्रिया लागतेच.

धुण्यातला क्रम फार महत्त्वाचा. आधी कोमट पाणी, मग 60 ते 70 अंशांवर 1 टक्का कॉस्टिक (सोडा) आणि डिटर्जंट, तासभर फिरवून. पाणी उदासीन होईपर्यंत खळबळून मगच सायट्रिक अॅसिड, तेही कठीण पाण्याचे क्षार बसले असतील तर. तेल शिल्लक असताना अॅसिड घातलं तर इमल्शन फुटतं आणि सुटं झालेलं तेल मेम्ब्रेनलाच चिकटतं. पॉलिमरच्या मेम्ब्रेनला हे तापमान आणि पीएच झेपेलच असं नाही. उत्पादकाची मर्यादा पाहूनच धुवा.

धुतल्यावर साध्या पाण्याचा फ्लक्स दर वेळी त्याच दाबाला, त्याच तापमानाला मोजून लिहितो. नव्या मेम्ब्रेनच्या आकड्याजवळ तो आला नाही, तर पुढची बॅच न घेता पुन्हा कॉस्टिक.